रेंज दिसते, पण फोन लागतो का? जुन्या मोबाइलांच्या तपासणीच्या नोंदी

५ जानेवारी २०२६

लोकांनी देऊन टाकलेले जुने मोबाइल आमच्या गटाकडे साठले आहेत. त्यातले वापरण्याजोगे निवडून ज्यांना साधा फोन हवा आहे त्यांच्यापर्यंत पोचवायचे, उरलेल्यांचे सुटे भाग काढायचे आणि त्यातूनही जे उरेल ते ई-कचऱ्यात द्यायचं, असं काम आहे. बॅटरी, स्क्रीन, बटणं, चार्जिंगची पिन तपासणं हाताच्या सवयीचं झालंय. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ज्या नेटवर्कसाठी हा फोन बनला, ते नेटवर्क अजून चालू आहे का?

म्हणून नोंदवहीत प्रत्येक फोनपुढे चार रकाने आखले: कॉल, मेसेज, इंटरनेट आणि आणीबाणीचा नंबर. एकाच फोनला चारही ठिकाणी वेगवेगळं उत्तर मिळू शकतं, त्यामुळे 'चालू' किंवा 'बंद' असा एकच शेरा मारायचा नाही.

तपासणीसाठी दोन सिम घेतली. एक अशा कंपनीचं, जिनं ३जी बंद केलं पण २जी ठेवलं आहे. दुसरं अशा कंपनीचं, जिच्याकडे फक्त ४जी आणि ५जी आहे. जगात आज जिथे जाल तिथे साधारण या दोनांपैकी एक परिस्थिती असते किंवा येऊ घातलेली असते, त्यामुळे हीच दोन सिमं पुरतील.

८ जानेवारी

ढीग पिढीप्रमाणे लावला. एक ॲनालॉग फोन निघाला, चांगला जड, लांब अँटेनाचा. त्याचं उत्तर चारही रकान्यांत 'नाही'. ॲनालॉग नेटवर्क चालू ठेवण्याचं अमेरिकेतल्या कंपन्यांवरचं बंधन १८ फेब्रुवारी २००८ रोजी संपलं आणि तिथल्या मोठ्या कंपन्यांनी ते लगोलग बंद केलं. फोन मात्र सुस्थितीत आहे. तो मोडीत काढायचा नाही, दाखवायला ठेवू.

त्यानंतर सीडीएमए फोन, म्हणजे जीएसएमहून वेगळ्या रेडिओ पद्धतीवर चालणारे. यातल्या बहुतेकांना सिमची जागाच नाही, कारण फोनची ओळख थेट कंपनीच्या यंत्रणेत नोंदलेली असायची. ती यंत्रणा बंद झाली की दुसरीकडे जायची वाट नाही. जपानमध्ये केडीडीआय या मोबाइल कंपनीनं ३१ मार्च २०२२ ला आपलं सीडीएमए थांबवलं, अमेरिकेत व्हेरिझॉननं ३१ डिसेंबर २०२२ ला. हे सगळे सुट्या भागांच्या पेटीत गेले.

बाकीचे जीएसएमच्या घराण्यातले, म्हणजे जगात सर्वाधिक पसरलेल्या, सिमवर चालणाऱ्या पद्धतीचे. खरं काम त्यांच्यावरच आहे.

तपासणाऱ्या सगळ्यांसाठी एक सूचना: फोनच्या नावावर जाऊ नका. नोकिया ३३१० हा फोन २००० साली आला आणि त्याच नावाचा नवा फोन २०१७ मध्ये आला. नव्यातही आधी २जीवाला निघाला, मग ३जीवाला. बॅटरी काढून खालच्या लेबलवरचा मॉडेल क्रमांक लिहून घ्यायचा. शिवाय *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, घ्यायचा. त्या १५ आकड्यांतले पहिले ८ आकडे मॉडेल सांगतात.

१० जानेवारी

आज बटणांचे २जी फोन. मनापासून सांगते, यांच्याकडून इतकी साथ मिळेल असं वाटलं नव्हतं.

नोकिया ११००, २००३ चा. नवीन सिम नॅनो आकाराचं, म्हणून अडॅप्टरमध्ये बसवून घातलं. २जी ठेवलेल्या कंपनीची रेंज लगेच आली, कॉल लागला, आला, मेसेज दोन्ही बाजूंनी गेला. आवाज स्वच्छ. केवळ ४जीवाल्या सिमवर काहीच नाही, आणि ते बरोबरच आहे. ४जीचा सिग्नल वाचणारा रेडिओच या फोनमध्ये नाही, त्यामुळे सेटिंग बदलून किंवा अपडेट टाकून काही साधणार नाही.

काही जुने फोन सिमच घेईनात. आमच्यात एक निवृत्त टॉवर तंत्रज्ञ आहेत, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. ते म्हणाले, "अगं, फोनवर रागावू नकोस, आधी कार्ड बघ." सुरुवातीच्या काळातले काही फोन सिमला ५ व्होल्ट देत. पुढची कार्डं ३ आणि १.८ व्होल्टवर चालणारी झाली आणि त्यातल्या बऱ्याच कार्डांनी ५ व्होल्टची सोय सोडून दिली. दुसरं कारण असं की आजच्या कार्डात ३जी-४जीसाठीचा भाग असतोच, पण २जी फोनला समजणारा जुना भाग काही कार्डांत ठेवलेला नसतो. मग रेंज भरपूर असूनही फोन 'सिम घाला' असंच म्हणत राहतो. दुसऱ्या कंपनीचं कार्ड घातल्यावर यातले काही फोन सुरळीत चालू लागले. तेव्हा 'सिम स्वीकारत नाही' हा शेरा एका कार्डावर द्यायचा नाही.

काकांनी आणखी एक खूण दाखवली. फोन स्पीकरजवळ ठेवायचा आणि कॉल करायचा. स्पीकरमधून तो ओळखीचा 'टर्रर्र टक टक' आवाज आला की फोन २जीवरच बोलतोय. जीएसएम फोन सलग प्रक्षेपण करत नाही, दर ४.६१५ मिलिसेकंदांत एकदा आपली पाळी आली की थोडा वेळ जोरात बोलतो आणि गप्प होतो. सेकंदाला सुमारे २१७ वेळा होणारी ही धडधड स्पीकरची तार पकडते. ३जीच्या नेहमीच्या कॉलमध्ये प्रक्षेपण सलग चालतं, म्हणून हा आवाज येत नाही. स्क्रीनवर नेटवर्कची खूण न दाखवणाऱ्या फोनसाठी ही फार उपयोगी तपासणी आहे.

१३ जानेवारी

३जी फोनांची फेरी. धाकटी पिढी आधी जाते आणि थोरली टिकते, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं, म्हणून कारण लिहून ठेवते.

२जीच्या एका वाहिनीला २०० किलोहर्ट्झ पुरतात. ३जीला एका वेळी ५ मेगाहर्ट्झचा सलग पट्टा लागतो. कंपनीला ४जी-५जीसाठी जागा मोकळी करायची असेल तर ३जी काढल्यावर मोठा तुकडा हाती येतो, आणि २जी अरुंदशा पट्टीत आणखी काही वर्षं ठेवता येतं. शिवाय मीटर, लिफ्टमधले फोन, गजराची यंत्रं अशी कितीतरी उपकरणं २जीवर बसवलेली आहेत, ती एका दिवसात बदलता येत नाहीत. जर्मनीत २०२१ मध्ये ३जी बंद झालं आणि २जी राहिलं. भारतात एअरटेलनं २०२० मध्ये ३जी आवरलं, २जी ठेवलं. जिओकडे तर २०१६ ला सुरुवात झाली तेव्हापासून फक्त ४जी होतं.

अमेरिकेत एटी अँड टी या मोबाइल कंपनीनं उलट क्रम धरला: २जी २०१७ च्या सुरुवातीला गेलं, ३जी २२ फेब्रुवारी २०२२ ला. २००७ चा पहिला आयफोन २जीवरच चालायचा, त्यामुळे त्या कंपनीवर तो २०१७ मध्येच मुका झाला. नंतरचे ३जी आयफोन आणखी पाच वर्षं बोलत राहिले.

आमच्या ढिगातले बहुतेक ३जी फोन २जीसुद्धा जाणतात. त्यामुळे पहिल्या सिमवर कॉल आणि मेसेज व्यवस्थित, इंटरनेट मात्र एजच्या (२जीवरच्या इंटरनेटच्या) वेगानं, म्हणजे आजचं साधं पानसुद्धा उघडताना दमतं. दुसऱ्या सिमवर कॉल, मेसेज, इंटरनेट तिन्ही 'नाही'.

जपानमधून आलेला एक घडीचा फोन वेगळा ठेवला. जपानमध्ये जीएसएम कधी नव्हतंच. तिथलं २जी स्वतंत्र पद्धतीचं होतं. डोकोमो या तिथल्या कंपनीनं ऑक्टोबर २००१ मध्ये ३जी सुरू केलं, त्यावरच्या सुरुवातीच्या फोनांना जीएसएम येत नाही. तिथे २जी तर २०१२ मध्येच गेलं, आणि डोकोमोचं ३जी बंद होण्याची जाहीर तारीख ३१ मार्च २०२६ आहे. हा फोन मायदेशी परत गेला तरी त्याला आता अडीच महिनेच मिळतील.

१७ जानेवारी

आजची नोंद लांब होणार, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात.

समोर आयफोन ५एस आहे. २०१३ चा, ४जी असलेला, दिसायला आजही सुरेख. केवळ ४जीवाल्या सिमवर लावला. रेंज पूर्ण, बातम्यांचं पान क्षणात उघडलं. कॉल लावला, लागला नाही. दुसऱ्या फोनवरून याला लावला, वाजला नाही.

कारण ४जीच्या मूळ रचनेत आहे. २जी आणि ३जीमध्ये आवाजासाठी वेगळी वाट होती. कॉल लागला की तेवढा वेळ ती वाट तुमच्या नावानं राखून ठेवली जायची. ४जीमध्ये ती वाटच ठेवली नाही, सगळं डेटाच्या पाकिटांनी जातं. डिसेंबर २००९ मध्ये स्टॉकहोम आणि ऑस्लोमध्ये पहिलं ४जी सुरू झालं तेव्हा ते संगणकाला लावायच्या मोडेमसाठी होतं. त्यावरून बोलण्याची पद्धत, म्हणजे व्हीओएलटीई, प्रत्यक्ष बाजारात २०१२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत आणि दक्षिण कोरियात आली आणि इतरत्र पसरायला आणखी वर्षं गेली. आयफोनमध्ये ती २०१४ च्या आयफोन ६ पासून आहे.

मधल्या काळातले ४जी फोन कॉलपुरते खाली उतरत. कॉल येतोय असं नेटवर्क ४जीवरून कळवायचं, फोन ३जी किंवा २जीवर जायचा, बोलणं संपलं की पुन्हा वर यायचा. वापरणाऱ्याला काही कळायचं नाही. फार तर कॉल सुरू असताना वरची खूण ४जीवरून ३जीवर गेलेली दिसायची. आता खालचे मजलेच काढून टाकले आहेत, त्यामुळे उतरायला जागा नाही.

म्हणजे २००३ चा नोकिया पहिल्या सिमवर बिनघोर बोलतो आणि २०१३ चा आयफोन दुसऱ्या सिमवर मुका. फोनचं वय बघून काही ठरवता येत नाही. नेटवर्कचा कोणता तुकडा शिल्लक आहे आणि फोनला त्यावर बोलता येतं का, एवढंच बघायचं.

अशा फोनांचं वागणंही एकसारखं नाही. ५एस ४जीवर टिकून राहिला, इंटरनेट देत राहिला. एक जुना अँड्रॉइड फोन मात्र ४जी सोडून 'सेवा नाही' वर गेला. काकांनी उलगडा केला: फोनमध्ये ठरवलेलं असतं की आवाज महत्त्वाचा की डेटा. आवाज महत्त्वाचा मानणाऱ्या फोनला इथे बोलता येणार नाही असं कळलं की तो नियमाप्रमाणे ४जी सोडून २जी-३जी शोधायला निघतो. ते सापडलं नाही की हातचं इंटरनेटही जातं. मालकाला वाटतं, फोन बिघडला.

मेसेजची आणखी वेगळी तऱ्हा. ४जीवर एसएमएस व्हीओएलटीईशिवायही पोचवता येतो, कंपनीनं सोय ठेवली असेल तर. म्हणून 'बँकेचा मेसेज येतो, पण फोन लागत नाही' अशी तक्रार आली तर ती पूर्ण शक्य आहे. समोरच्याला खोटं पाडू नये.

१८ जानेवारी

कालचंच पुढे. ज्या फोनमध्ये व्हीओएलटीई आहे असं खोक्यावर लिहिलंय, त्यातलेही सगळे पास होत नाहीत.

आवाजाची सेवा मिळायला फोनची कंपनीच्या आयएमएस यंत्रणेत, म्हणजे डेटावरून कॉल जोडणाऱ्या यंत्रणेत, नोंद व्हावी लागते. त्यासाठी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या कंपनीची माहिती भरलेली लागते. दुसऱ्या देशासाठी बनलेल्या फोनमध्ये ती बऱ्याचदा नसते. काही कंपन्या त्यापुढे जाऊन मंजूर मॉडेलांची यादी ठेवतात. २०२२ मध्ये ३जी बंद करताना एटी अँड टीनं अशी यादी प्रसिद्ध केली होती. यादीत नसलेला फोन तांत्रिकदृष्ट्या व्हीओएलटीई करू शकत असला तरी तिथे उपयोगाचा नव्हता.

हे मला पटत नाही आणि इथे स्पष्ट लिहून ठेवते. रेडिओ शाबूत, स्क्रीन शाबूत, मालकाला फोन आवडतो, आणि एक नोंद नाही म्हणून तो कचऱ्यात जातो. बनवणाऱ्यानं एक अपडेट दिलं असतं आणि कंपनीनं ते तपासून घेतलं असतं तर असे कितीतरी फोन आणखी अनेक वर्षं वापरात राहिले असते. हार्डवेअर नाही म्हणून बंद पडणं मी समजू शकते. कागदावर नाव नाही म्हणून बंद पडणं थांबवता येण्यासारखं आहे.

तपासायची पद्धत अशी: बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर *#*#४६३६#*#* दाबलं की फोनची माहिती उघडते, त्यात आयएमएसची स्थिती दिसते. 'नोंदणी झाली' असेल तरच पुढे जायचं. नंतर प्रत्यक्ष कॉल करायचा आणि कॉल चालू असताना वरची खूण बघायची. ती ४जीवर राहिली आणि आवाज आला, तर खात्री. वायफाय कॉलिंगनं मार्ग निघेल असं काहींना वाटतं, पण त्यालाही हीच आयएमएस नोंदणी लागते.

२२ जानेवारी

फुगलेल्या बॅटऱ्या वेगळ्या काढून वाळूच्या डब्यात ठेवल्या. बीएल-५सी बॅटरी इतक्या मॉडेलांना चालते की एका चांगल्या बॅटरीवर अर्धा ढीग तपासून झाला. बाकी काही नाही.

२६ जानेवारी

चौथा रकाना. यावर सगळ्यात जास्त वेळ बोललो.

आधी पक्का नियम: तपासणीसाठी आणीबाणीचा नंबर लावायचा नाही. कोणाच्या तरी जिवावरची वेळ असलेली लाइन आपल्या चाचणीनं अडवायची नाही. म्हणजे या रकान्याचं उत्तर कागदपत्रांतून आणि फोनच्या क्षमतेवरून काढावं लागतं.

जीएसएममध्ये सिम नसलं तरी ११२ लावता येण्याची सोय आहे, आणि आपल्या कंपनीची रेंज नसेल तर फोन दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या टॉवरवरून आणीबाणीचा कॉल करू शकतो. केवळ ४जी उरलेल्या ठिकाणी हाच कॉल व्हीओएलटीईवरून करता यायला हवा. गोम अशी की काही फोन रोजचे कॉल व्हीओएलटीईवर नीट करतात आणि आणीबाणीचा नंबर दाबला की सवयीनं ३जी शोधायला जातात. रोज वापरणाऱ्याला याचा पत्ताच लागत नाही. तो फोन पहिल्यांदा दगा देतो तो नेमका त्याच दिवशी.

ऑस्ट्रेलियात हेच समोर आलं. टेल्स्ट्रा आणि ऑप्टस या मोबाइल कंपन्यांनी ३जी बंद करण्याची तारीख पुढे ढकलत शेवटी २८ ऑक्टोबर २०२४ ला ते बंद केलं. त्याआधी ३४९८ या नंबरवर '३' असा मेसेज पाठवून आपला फोन चालेल का हे लोकांना विचारता येत होतं. ०००, म्हणजे तिथला आणीबाणीचा नंबर, ज्या फोनवरून लागणार नाही त्यांना नेटवर्कवर घ्यायचंच नाही असा नियम झाला. तरीही २०२५ मध्ये आढळलं की गॅलेक्सी एस६, एस७, नोट ५ असे काही जुने सॅमसंग फोन इतर दोन नेटवर्कं उपलब्ध नसताना व्होडाफोनच्या नेटवर्कवरून ००० लावू शकत नाहीत.

काका म्हणाले, "चालता फोन बंद करायचा म्हणजे अन्यायच की." मी त्यांना म्हटलं, काका, १८ तारखेला मी यादीविरुद्ध लिहिलं, पण इथे मी नियमाच्या बाजूनं आहे. ज्याच्या घरात दुसरा फोन नाही त्याच्या हातात असा फोन देणं मला जमणार नाही. माझी मागणी एवढीच, की कोणता फोन का नाकारला हे मालकाला आधी, स्पष्ट आणि लेखी कळावं. काकांना हे पटलं. त्यांनी जपानचं उदाहरण दिलं: सॉफ्टबँक या मोबाइल कंपनीनं २०२४ मध्ये ३जी बंद केलं, पण त्याच वर्षी १ जानेवारीला नोटो भागात भूकंप झाला होता, म्हणून इशिकावा प्रांतात ते जुलैअखेरपर्यंत चालू ठेवलं. तारीख माणसांसाठी हलवता येते, हे त्यांचं म्हणणं.

निर्णय: केवळ ४जी असलेल्या कंपनीचं सिम वापरणाऱ्याला, आणीबाणीचा कॉल व्हीओएलटीईवर होतो याची उत्पादकाकडून किंवा कंपनीकडून खात्री नसलेला फोन एकमेव फोन म्हणून द्यायचा नाही.

३० जानेवारी

फोन देणाऱ्यांपैकी काहींनी विचारलं म्हणून: फोनशिवायच्या वस्तूंनाही हेच लागू. सॅन फ्रान्सिस्कोत २०१७ च्या सुरुवातीला थांब्यांवरच्या पाट्यांना बस कुठे आहेत हे कळेना, कारण बसमधली यंत्रं त्याच बंद झालेल्या २जीवर होती. युरोपात ३१ मार्च २०१८ पासून नव्या मॉडेलच्या गाड्यांत अपघातानंतर आपोआप ११२ लावणारी यंत्रणा सक्तीची झाली, आणि तीही २जी-३जीच्या आवाजाच्या वाटेवर बांधलेली. जुने ३जी किंडल (पुस्तकं वाचायची यंत्रं) अमेरिकेत २०२१ च्या अखेरीला मोबाइल नेटवर्कवरून तुटू लागले. वायफाय असलेले वाचले. घरात लिफ्ट, गजर, वृद्धांच्या गळ्यातलं मदतीचं बटण असेल तर आत कोणतं नेटवर्क आहे ते बसवणाऱ्याला विचारायला हवं. आमचं काम फोनपुरतं, पण विचारणाऱ्याला हे सांगायचं.

४ फेब्रुवारी

वाद: २जी बटणांचे फोन द्यायचे की नाही? एक बाजू अशी की २जीही जाणारच, मग कशाला गुंतवायचं. ब्रिटनमध्ये २०३३ पर्यंत २जी संपवायचं ठरलंय, जर्मनीत डॉइचे टेलिकॉमनं २०२८ ची तारीख दिली आहे. दुसरी बाजू माझी. ज्यांना टचस्क्रीन जमत नाही, बोटं थरथरतात, चार्जिंग रोज लक्षात राहत नाही, त्यांच्यासाठी दोन-चार वर्षंसुद्धा मोठी आहेत. शिवाय २जीचं जुनं सांकेतीकरण कमजोर आहे हे खरं, पण त्यावर बँकेचं काम करणाऱ्यापेक्षा मुलाला फोन लावणारी माणसं आमच्याकडे जास्त येतात.

ठरलं ते असं: द्यायचे, पण फोनच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवून. चिठ्ठीवर कोणत्या कंपनीचं सिम चालेल, कोणत्याचं नाही, आणि तपासणीची तारीख. कंपनीनं २जी बंद करण्याची तारीख जाहीर केली की त्या माणसाला आम्ही कळवायचं. म्हणून घेणाऱ्याचा दुसरा संपर्क वहीत असायला हवा.

७ फेब्रुवारी

कॉल न करणारे स्मार्टफोन टाकून द्यायचे नाहीत. वायफायवर गाणी, रेडिओ, अभ्यासाचे व्हिडिओ, कॅमेरा, गजर हे सगळं चालतं. मात्र फार जुन्या अँड्रॉइडवर सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं कालबाह्य झाल्यामुळे पानं उघडत नाहीत. अशा वेळी स्वतःची प्रमाणपत्रांची यादी बाळगणारा फायरफॉक्स चालत असेल तर बघायचं. आयफोन ५एस या गटात गेला. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत: 'कॉलसाठी नाही'.

११ फेब्रुवारी

फोन वाटपाला गेले. प्रत्येकासमोर त्याच्याच सिमवर कॉल लावून, आलेला उचलून, मेसेज पाठवून दाखवला आणि मगच फोन हातात दिला. एका आजोबांचं सिम केवळ ४जीवालं निघालं, त्यांना ठरवलेला २जी फोन मागे घेऊन व्हीओएलटीई असलेला बटणांचा ४जी फोन दिला. तसे फोन आमच्याकडे थोडेच आहेत आणि मागणी त्यांचीच सर्वांत जास्त. पुढच्या वेळी फोन देणाऱ्यांना आवाहन करताना हेच आधी लिहायचं: बटणांचा, ४जी, व्हीओएलटीई असलेला, कोणत्याही कंपनीला न बांधलेला फोन असेल तर तो प्रथम द्या. डोकोमोचं ३जी बंद झाल्यावर एप्रिलमध्ये यादी पुन्हा तपासायची.